लिनक्स शेवटी टाका, आधी मराठी फाइली बघा

महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य सर्रास ऐकू येते, ‘हे मशीन आता गेलं, नवीन घ्या.’ मशीन गेलेले नसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त मान्य सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-७२००यू असे लिहिलेले असेल तर तो सातव्या पिढीचा, म्हणजे बाद. आय५-८२५०यू असेल तर पास. दोघांच्या रोजच्या कामात फरक किती, तर पत्र टाइप करणाऱ्याला आणि बिल काढणाऱ्याला तो जाणवतही नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, म्हणजे तीही तात्पुरतीच.

अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी, हा सल्ला बरोबर आहे. तो ज्या क्रमाने दिला जातो तो क्रम मात्र चुकीचा आहे. ‘पेनड्राइव्ह बनवा, फॉरमॅट मारा, झालं’ असे सांगितले जाते. फॉरमॅट मारून लिनक्स मिंट (लिनक्सची वापरायला सोपी आवृत्ती) बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ते बहुधा पहिल्याच प्रयत्नात बसते. चौथ्या दिवशी कोणीतरी २०११ सालची मराठी फाइल उघडते, कोणीतरी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लावते, कोणीतरी प्रिंट देते, आणि पाचव्या दिवशी विंडोज परत येते. दोष लिनक्सवर येतो. खरे तर फाइली, प्रिंटर आणि टोकन यांची चौकशी विंडोज असतानाच व्हायला हवी होती.

म्हणून पहिले पंधरा दिवस ऑपरेटिंग सिस्टीमला हातच लावू नका. आहे त्या विंडोजवर वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड टाका आणि सगळे काम त्यांतच करा. हे तिन्ही लिनक्सवरही तसेच दिसतात. अडचण आली तर ती आत्ताच कळेल आणि त्या घडीला वर्ड-एक्सेल शेजारी हजर असेल. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांसाठी हाच क्रम धरला. आधी लिबरऑफिस, लिनक्स त्यानंतर.

लिबरऑफिसमध्ये बसल्या बसल्या दोन गोष्टी करून ठेवा. सेव्ह करण्याचे मूळ स्वरूप वर्डचे डॉकएक्स आणि एक्सेलचे एक्सएलएसएक्स करा, म्हणजे बाहेर पाठवलेली फाइल समोरच्याकडे नीट उघडेल. आणि भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडा. लिबरऑफिस रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट व आकार वेगवेगळे धरते. स्टाइलमध्ये अक्षराचा आकार १४ केला तरी मराठी मजकूर १२ वरच अडून बसतो, कारण बदललेला आकडा रोमनचा असतो. नव्या माणसाचे अर्धे डोके इथेच फिरते. मराठी निवडल्याचा आणखी एक फायदा म्हणजे नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. हिंदी निवडले तर हिंदी वळणाचे येतात.

एक्सेलची खाती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्राम, तपासावेत. एक्सेलच्या व्हीबीए भाषेतले मॅक्रो लिबरऑफिसमध्ये काही चालतात, काही अर्धवट चालतात, आणि आयकराच्या मॅक्रोवाल्या एक्सेल फाइलींच्या भरवशावर तर राहूच नये. एक्सलुकअप हे तक्त्यातून माहिती शोधणारे सूत्र लिबरऑफिसला २४.८ या आवृत्तीपासून कळते. लिनक्स मिंट २२ सोबत येते ती २४.२. म्हणजे विंडोजवर नवीन लिबरऑफिसमध्ये चाललेली फाइल मिंटवर चूक दाखवते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. उपाय सोपा आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅक (मिंटच्या आवृत्तीवर न अडणारे स्वतंत्र पॅकेज) स्वरूपातले नवे लिबरऑफिस घ्यायचे आणि आधीचे काढून टाकायचे.

आता मुख्य गाठ, जुन्या फॉन्टमधल्या फाइली. श्रीलिपी, आयएसएममधले सुरेख, कृतीदेव, शिवाजी, नावे वेगळी पण तऱ्हा एकच. या फाइलींत मराठी साठवलेले नसतेच. साठवलेली असतात रोमन अक्षरे, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रे दाखवतो. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. फॉन्ट नसला की तोच उघडा पडतो. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर मजकूर वाचता येतो, छापताही येतो. पण नवीन टाइप करायला जो कीबोर्डचा प्रोग्राम लागतो तो विंडोजचाच, आणि काही पॅकेजांना वर डाँगलही (परवान्याचे यूएसबी कुलूप) लागतो. शोधायला गेलात तर सापडणारही नाही, कारण शोध मराठीत आणि फाइल रोमनमध्ये.

या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, वळवणे हे काम लिनक्ससाठी नसले तरी करायलाच हवे होते. कन्व्हर्टर फुकट मिळतात, प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा. मात्र वळवून झाल्यावर डोळे मिटून जुनी फाइल पुसू नका. चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. ‘स्थिती’मध्ये वेलांटीने ‘स्’ आणि ‘थ’ दोन्ही ओलांडून मागे जायचे असते. ‘निर्मिती’मध्ये तर एकाच ‘म’ला वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत. एवढे दोन शब्द बरोबर उतरले तर कन्व्हर्टर कामाचा आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी चूक आकड्यांत होते आणि ती जास्त महागात पडते. कृतीदेवमध्ये तिरकी रेघ काढायला ‘ॲट’चे चिन्ह टाइप करावे लागते आणि तिरक्या रेघेच्या बटणावर अर्धा ‘ध’ असतो. त्यामुळे न वळवलेल्या तुकड्यात ‘७/१२’ चे ‘७@१२’ दिसते. आणि मुळात एरियलमध्ये टाइप केलेला ‘७/१२’ चुकून कन्व्हर्टरमधून गेला तर ‘७ध्१२’ होतो. गट नंबर, पावती नंबर, आर्थिक वर्ष, सगळीकडे हीच गंमत. सोसायटीचे इतिवृत्त किंवा ग्रामपंचायतीचे ठराव वळवताना आकड्यांचे तक्ते वेगळे काढा, मजकूर वेगळा वळवा आणि तक्ते हाताने ताडून बघा. मूळ फाइल आणि तिची पीडीएफ दोन्ही ठेवा. पीडीएफ विंडोज असतानाच, मूळ फॉन्ट हजर असतानाच काढायची. नंतर ती संधी नसते.

युनिकोडमधल्या फाइलींनाही एक किरकोळ त्रास आहे. मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्ससोबत येत नाही. टाइम्स न्यू रोमन, एरियल, कॅलिब्री यांच्या मापाचे मोफत फॉन्ट आहेत, मंगलच्या मापाचा नाही. मजकूर नोटो किंवा लोहितमध्ये दिसतो, ओळींची उंची बदलते आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सांडतो. शब्द एकही बिघडत नाही. नव्या कामासाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ घ्यावा. परवाना खुला आहे, त्यामुळे विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तोच टाकता येतो आणि पाने हलण्याचे मूळ कारणच जाते.

टायपिंगचे म्हणाल तर इनस्क्रिप्टवाल्यांना (सरकारी प्रमाण कीबोर्ड वापरणाऱ्यांना) काहीच शिकावे लागत नाही. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवा, भारताखालचा मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा, दोन लेआउट बदलण्याची की ठरवा, संपले. चाचणीला ‘दुसऱ्या’ लिहून बघा. शिफ्ट धरून जे म्हणजे ‘ऱ’, मग डी म्हणजे हलंत, मग तिरक्या रेघेचे बटण म्हणजे ‘य’, मग ई म्हणजे काना. शिफ्ट न धरता जे दाबला तर ‘दुसर्या’चा रफार ‘या’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि वर्तमानपत्रांतही तो अनेकदा तसाच छापलेला दिसतो, हे जाता जाता. ‘ॲप’ही लिहून बघा. मराठी ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुने लेआउट त्याऐवजी हिंदीतला ‘ऍ’ उमटवतात आणि शोधताना दोन्ही वेगळे धरले जातात.

रोमनमध्ये ‘मी घरी जातो’ लिहून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र आधी सांगायला हवे. गुगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे विंडोजवरचे इनपुट टूल इथे नाही. आयबस आणि एम१७एन हे पॅकेज टाकले की मराठी फोनेटिक आणि आयट्रान्स मिळतात. एकदा लॉगआउट करून परत यावे लागते, नाहीतर ते यादीत दिसत नाहीत. पण ते शब्द सुचवत नाहीत, जे दाबाल तेच उमटेल. रोमनच्या मोठ्या आणि छोट्या अक्षरांतला फरक त्यांना कळतो आणि तो आपल्यालाही कळावा लागतो. हात बसायला आठवडा धरा. टाइपरायटरवर शिकलेल्यांनी रेमिंग्टन हा टाइपरायटरसारखा लेआउट तपासताना एकेक जोडाक्षर दाबून बघावे, कारण रेमिंग्टन या एकाच नावाखाली दोन-तीन पोटप्रकार फिरतात.

प्रिंटर. नवीन वायफाय प्रिंटर बहुतेक बिनड्रायव्हरचे चालतात, आपोआप यादीत येतात. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्यांनाही क्वचितच अडचण येते. एचपीच्या लेझरजेट १०२० आणि त्याच्या भावंडांना एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत एक वेगळे प्लगइन उतरवावे लागते. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम राहत नाही, दर वेळी वीज लावली की संगणक तो पाठवतो. प्लगइन नसले तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवले जाते, कागद मात्र हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडे झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात सापडणारा प्रिंटर त्याहून हट्टी आहे. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो. लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण जुना, त्याला ३२ बिटची लायब्ररी लागते, आणि प्रिंटर बंद करून चालू केला की मधला प्रोग्राम पुन्हा चालू करावा लागू शकतो. ज्यांचे दिवसाला शंभर कागद याच्यावर निघतात त्यांनी एक विंडोज मशीन ठेवावे किंवा प्रिंटर बदलावा. यात कमीपणा काही नाही.

डिजिटल सहीचेही तसेच. टोकन चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. टोकन बनवणाऱ्याचा लिनक्सचा ड्रायव्हर, ब्राउझर, आणि त्या पोर्टलचा सही करणारा प्रोग्राम. पहिला बहुतेक नेहमीच्या टोकनांसाठी मिळतो. तिसऱ्याचे पोर्टलगणिक वेगळे आहे. टॅलीप्राइम विंडोजचेच आहे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपही लिनक्सवर येत नाहीत, त्यामुळे लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसने या वाटेला जाऊ नये हे आमचे स्पष्ट मत. वाइन या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात ते चालवून दाखवणारे भेटतील, पण मार्च अखेरीला त्यांचा फोन लागणार नाही. कार्यालयात दहा मशीन असतील तर सही, टॅली आणि हट्टी प्रिंटर एका विंडोज ११ वर आणि उरलेली नऊ लिनक्सवर, हे गणित बहुतेक ठिकाणी जमते.

म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. राजकारण होतेच, पण कार्यालयातले नमुने, मॅक्रो आणि बाहेरून येणाऱ्या फाइली यांचा त्रास पहिल्या दिवसापासून होता. नमुन्यांसाठी त्यांना वोलमक्स नावाचे स्वतःचे साधन लिहावे लागले. केरळच्या सरकारी शाळांत मात्र मुक्त सॉफ्टवेअर टिकले, कारण तिथे पुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि संगणक एकाच वेळी बदलले.

एवढे निस्तरले की मग बसवायला घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. जुन्या मशीनचा मंदपणा मुख्यतः फिरणाऱ्या हार्डडिस्कचा असतो, म्हणून २४० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला आणि लिनक्स तिच्यावर बसवा. जुनी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवा. हा सगळ्यात स्वस्त विमा. काही बिघडले तर चार स्क्रू फिरवले की विंडोज परत. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याचा मोह टाळा, विशेषतः पहिल्या वेळी.

तरी दोन्ही ठेवायचीच असतील, तर आधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूटला हात लागला की विंडोज ती मागते. पॉवर ऑप्शनमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचता येते, काही लिहिता येत नाही. घड्याळाचा घोळही ठरलेला. लिनक्स मदरबोर्डचे घड्याळ जागतिक वेळेला लावते, विंडोज तोच आकडा भारतीय वेळ समजते, आणि विंडोज बरोबर साडेपाच तास मागे दिसते. बोर्डाचा सेल गेला म्हणून तो बदलणारेही आहेत. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा दिली की ते थांबते.

मिंट बसवण्याची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची आहे. उतरवून तिची शा-२५६ बेरीज (फाइल धड उतरली का हे दाखवणारा आकडा) संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवा, मग रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून चालू करा. काही न बसवता मिंट समोर येते. इथे घाई करू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का, प्रिंटर, सगळे इथेच तपासा. पेनड्राइव्हवरून चालते म्हणून ते संथ असणारच. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेजचा प्रकार रेड किंवा आरएसटी असतो, तो एएचसीआय करावा लागतो. मूळ विंडोज त्याच मशीनवर ठेवायचे असेल तर ते करण्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये जाईल असे सेट करा, नाहीतर निळा पडदा.

वायफाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच इंटरनेट येते, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट चालू असताना असा बाहेरचा ड्रायव्हर घेतला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का) असे विचारतात. तिथे तोच पासवर्ड द्यायचा. बहुतेक लोक घाबरून कंटिन्यू दाबतात आणि मग एनव्हिडियाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर टाकूनही का चालत नाही म्हणून दिवस घालवतात.

बसवून झाल्यावर टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे अपडेटने काही बिघडले तर सिस्टीम कालच्या स्थितीला नेता येते. टाइमशिफ्ट तुमच्या फाइलींचा बॅकअप घेत नाही. तो वेगळ्या डिस्कवर वेगळाच घ्यायचा.

शेवटी एक विनंती संपादक म्हणून आपल्यालाच. अनेक वार्ताहर, मुद्रितशोधक आणि जाहिरात संस्था आज विंडोज सोडू शकत नाहीत याचे कारण वृत्तपत्रे त्यांच्याकडून ठरावीक जुन्या फॉन्टमध्येच मजकूर मागतात. आपल्याकडे वाचकांचा व वार्ताहरांचा मजकूर युनिकोडमध्ये घेतला जातो का, आणि आतल्या छपाईसाठी तो वळवण्याचे काम कोण करते, पाठवणारा की आपण, हे एकदा ठळक छापावे.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक